चांद ओळखला, लिपी नाही

रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी गच्चीवर किंवा मशिदीच्या अंगणात उभे राहून पश्चिमेकडे डोळे लावले नाहीत, असा माणूस आपल्यात शोधून सापडणार नाही. चांद दिसला तर उद्या ईद, नाही दिसला तर तिसावा रोजा. महिना एकोणतीसचा की तीसचा, हा प्रश्न आपल्या घराघरांत दरवर्षी विचारला जातो आणि त्याचे उत्तर आकाश देते.

हाच प्रश्न पॅसिफिक महासागरातल्या एका एकाकी बेटावरच्या लोकांपुढेही होता. त्यांनी त्याचा हिशेब लाकडाच्या फळीवर कोरून ठेवला. ती फळी आज रोममध्ये आहे. तिच्यावरची लिपी वाचू शकणारा एकही माणूस आज जगात नाही. तरीही त्या फळीवरच्या दोन-अडीच ओळी चंद्राच्या आहेत, एवढे अभ्यासकांना खात्रीने कळले. हे कसे कळले आणि त्यापुढचे दार का उघडले नाही, याची हकिकत ऐकण्यासारखी आहे.

बेट आणि फळ्या

या बेटाला तिथले लोक रापा नुई म्हणतात. ५ एप्रिल १७२२ रोजी, ईस्टरच्या रविवारी, डच दर्यावर्दी याकोब रोखेवेन तिथे पोहोचला म्हणून युरोपीय नकाशांवर त्याचे नाव ईस्टर बेट असे पडले. दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या किनाऱ्यापासून ते साडेतीन हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. क्षेत्रफळ जेमतेम एकशे साठ चौरस किलोमीटर. १८८८ मध्ये चिलीने ते आपल्या ताब्यात घेतले. मोआई नावाच्या प्रचंड दगडी पुतळ्यांमुळे बेट जगाला माहीत आहे. परंतु त्या पुतळ्यांइतकीच नवलाची गोष्ट म्हणजे तिथली लिपी. तिला रोंगोरोंगो म्हणतात.

माणसे, पक्षी, मासे, वनस्पती, चंद्रकोरी अशा आकारांची बारीक चिन्हे लाकडावर कोरलेली असतात. ओळींची मांडणी विलक्षण आहे. वाचणारा खालच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात करतो, ओळ संपली की अख्खी फळी उलटी फिरवतो आणि वरची ओळ वाचू लागतो. म्हणजे प्रत्येक दुसरी ओळ आधीच्या ओळीच्या तुलनेत डोक्यावर उभी असते. अशा अस्सल वस्तू जगात दोन डझनांच्या आसपासच उरल्या आहेत. त्या रोम, सँटियागो, सेंट पीटर्सबर्ग अशा शहरांत विखुरल्या आहेत. खुद्द रापा नुईवर एकही नाही.

आपल्याला ज्या फळीशी कर्तव्य आहे तिचे नाव मामारी. लांबी २९ सेंटिमीटर, रुंदी साडेएकोणीस, म्हणजे शाळकरी पोराच्या पाटीएवढी. दोन्ही बाजूंना मिळून सुमारे हजार चिन्हे. तिचे लाकूड आपल्या ओळखीचे आहे. कोकण किनाऱ्यावर ज्या झाडाला भेंडी किंवा परसपिंपळ म्हणतात, त्याच जातीच्या झाडाचे ते लाकूड आहे. हे झाड हिंदी महासागरापासून पॅसिफिकपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने पसरलेले आहे.

वाचणारे कुठे गेले

लिपी मेली, असे आपण सहज म्हणतो. रोंगोरोंगोच्या बाबतीत ती कधी आणि कशी मेली हे जवळजवळ सालवार सांगता येते. १८६२ आणि १८६३ या दोन वर्षांत पेरू देशातून गुलाम पकडणारी जहाजे बेटावर आली. सुमारे दीड हजार माणसे पकडून नेण्यात आली. त्यांत बेटाचा प्रमुख आणि त्याचा वारस होता, आणि फळ्या वाचणारे जाणकारही होते. पेरूत कष्टाने आणि रोगराईने बहुतेक मेले. बाहेरून दडपण आल्यावर काहींना परत पाठवण्यात आले, पण बेटावर जिवंत उतरले ते पंधराएक जण. त्यांच्याबरोबर देवीचा रोग उतरला आणि मागे राहिलेल्यांनाही त्याने सोडले नाही. पुढे काही लोक ताहिती आणि मांगारेवा बेटांवर निघून गेले. १८७७ मध्ये रापा नुईवर माणसे उरली होती एकशे अकरा.

जानेवारी १८६४ मध्ये युजीन एरो नावाचा एक ख्रिस्ती धर्मसेवक बेटावर राहायला आला. लिपीची पहिली लेखी नोंद त्याच्या पत्रात मिळते. घराघरात चिन्हे कोरलेल्या फळ्या आणि काठ्या आहेत, पण लोकांना आता त्यांची फारशी मातब्बरी नाही, असा त्याच्या नोंदीचा आशय आहे. गुलामांची जहाजे येऊन गेल्याला तेव्हा जेमतेम एक-दीड वर्ष झाले होते. घरात फळी होती, पण ती वाचणारा बाप किंवा चुलता पेरूतून परतला नव्हता. अशा घरात फळीचे लाकूड तेवढे उरते. उरलेल्या फळ्याच याची साक्ष देतात. दोन फळ्या होडीच्या बांधणीत वापरल्याच्या खुणा आहेत. एका फळीवर काडी घासून विस्तव पाडल्याची लांब काळी खाच आहे.

फळ्या वाचवण्याचे श्रेय ताहितीच्या बिशप जोसाँ यांना द्यावे लागते. १८६८-६९ च्या सुमारास नव्याने ख्रिस्ती झालेल्या बेटवासीयांनी त्यांना केसांची वळलेली दोरी भेट पाठवली. दोरी गुंडाळायला जे लाकूड वापरले होते त्यावर चिन्हे कोरलेली होती. बिशपांना त्याचे मोल कळले. त्यांनी बेटावरच्या पाद्रींना पत्र लिहून आणखी फळ्या शोधायला लावल्या. थोड्याच मिळाल्या. त्यांत मामारी होती.

साक्षीदार

बिशपांनी वाचणाराही शोधला. ताहितीच्या मळ्यावर मजुरी करणारा मेतोरो नावाचा रापा नुईचा माणूस त्यांना भेटला. तो फळी हातात घेऊन गाऊ लागला आणि बिशप शब्द उतरवून घेऊ लागले. वह्या भरल्या, पण त्यांतून सलग अर्थ निघेना. मेतोरो समोरच्या चित्राचे वर्णन करत होता, हा पक्षी, हा माणूस, हा चंद्र, असे. नंतरच्या काळात भाषाशास्त्रज्ञ जाक गी यांनी दाखवून दिले की मामारीवरच्या चंद्राच्या ओळी मेतोरोने उलट्या दिशेने वाचल्या होत्या आणि त्यांतले पौर्णिमेचे ठळक चित्रही त्याला ओळखता आले नव्हते.

१८८६ मध्ये अमेरिकन जहाजावरचे अधिकारी विल्यम थॉमसन बेटावर आले. उरे वाए इको नावाच्या वृद्धाला फळ्या येतात असे त्यांना सांगण्यात आले. म्हातारा आता ख्रिस्ती होता. फळीला हात लावला तर आपली आखिरत बिघडेल अशी त्याला भीती होती. शेवटी फोटो दाखवून आणि दारू पाजून त्याला बोलते केले गेले. तो भराभर गाऊ लागला. मध्येच फोटो बदलला तरी त्याचे गाणे तसेच चालू राहिले. त्याला गाणी पाठ होती, लिपी येत नव्हती.

१९१४-१५ मध्ये कॅथरीन राउटलेज ही इंग्रज संशोधक बेटावर होती. कुष्ठरोग्यांच्या वस्तीत तोमेनिका नावाचा एक म्हातारा थोडी चिन्हे लिहू शकतो असे तिला कळले. ती तिथे गेली. त्याने काही चिन्हे लिहून दाखवली, पण उलगडा झाला नाही. दोन आठवड्यांच्या आत तो वारला.

चंद्राच्या ओळी

यानंतर माणसांची साक्ष संपली आणि फक्त फळ्या उरल्या. आता एकच मार्ग होता : चिन्हे मोजायची आणि कोणते चिन्ह कुठे पुन्हा येते ते पाहायचे. ही रीत आपल्याला परकी नाही. नवव्या शतकात बगदादच्या अल्-किंदीने गुप्त मजकूर उलगडण्यासाठी अक्षरांची वारंवारता मोजण्याची पद्धत एका रिसाल्यात मांडली होती. लेनिनग्राडचा बोरिस कुद्रियावत्सेव नावाचा एक तरुण विद्यार्थी १९४० च्या सुमारास असाच फळ्या ताडून पाहत होता. तीन फळ्यांवर एकच मजकूर आहे हे त्याच्या लक्षात आले. पुढे महायुद्धात तो मरण पावला. त्याचे काम त्याच्या पश्चात छापले गेले.

१९५८ मध्ये जर्मन अभ्यासक थोमास बार्थेल यांनी सर्व ज्ञात फळ्यांची प्रत आणि चिन्हांची यादी प्रसिद्ध केली. मामारीच्या एका बाजूवर, सहाव्या ओळीपासून नवव्या ओळीपर्यंत, चंद्रकोरी रांगेने कोरलेल्या आहेत हे त्यांनी दाखवले. ते चांद्रमासाचे कोष्टक असावे असे त्यांचे म्हणणे होते. १९९० मध्ये जाक गी यांनी ते बारकाईने तपासले.

पडताळा कशाशी घ्यायचा? इथे सुदैवाने एक आधार होता. महिन्यातल्या प्रत्येक रात्रीचे रापा नुई भाषेतले नाव लोकांच्या तोंडी टिकले होते. थॉमसन, आल्फ्रेद मेत्रो आणि पाद्री सेबास्टियन एंग्लर्ट या तिघांनी वेगवेगळ्या काळी त्या नावांच्या याद्या लिहून घेतल्या होत्या. आपल्याप्रमाणेच तिथेही रात्रीला महत्त्व. तारीख दिवसाची नव्हे, रात्रीची.

या याद्यांत काही रात्रींना स्वतःचे नाव आहे. पौर्णिमेची रात्र ओमोतोही. मात्र महिन्यात दोन ठिकाणी सलग अशा रात्री येतात ज्यांना वेगळे नाव नाही. त्या सगळ्या 'कोकोरे', फक्त पुढे आकडा : कोकोरे ताही म्हणजे पहिली, कोकोरे रुआ म्हणजे दुसरी. पौर्णिमेच्या आधी अशा सहा आणि पौर्णिमेनंतर पाच.

आता फळीकडे पाहू. तिथे काही चंद्रकोरींच्या शेजारी आणखी चिन्हे आहेत, तर काही कोरी एकट्याच उभ्या आहेत. एकट्या कोरींचे दोन गट पडतात. पहिल्यात सहा आणि दुसऱ्यात पाच. दोन्ही गटांच्या मध्ये एक निराळे चित्र आहे. जाणकारांच्या मते ती म्हणजे चंद्रावर बसून आकाशात चूल पेटवणारी म्हातारी. पॉलिनेशियन लोककथांत ती चंद्रावर राहते. आपल्या आजीने चंद्रावर चरखा कातणारी म्हातारी दाखवली होती, तिचीच ही दूरची बहीण म्हणायची. म्हणजे ते पौर्णिमेचे चित्र.

आणखी एक खूण आहे. कोरींच्या रांगेत ठरावीक चार चिन्हांचा एक गट आठ वेळा येतो आणि रात्रींचे तुकडे पाडतो. प्रत्येक गटाच्या शेवटी दोरीला लटकलेला मासा आहे. पौर्णिमेच्या आधीच्या चारही ठिकाणी माशाचे तोंड वर, नंतरच्या चारही ठिकाणी खाली. चंद्र वाढतो आहे की घटतो आहे, हे दाखवायला याहून सोपी युक्ती कोणती?

राखीव रात्री

खरी गंमत पुढे आहे. चंद्राचा महिना साडेएकोणतीस दिवसांच्या आसपास असतो. म्हणून कुठलेही चांद्र कोष्टक एका ठरावीक आकड्यावर कायमचे चालवता येत नाही. रापा नुईच्या लोकांनी महिन्याच्या अठ्ठावीस रात्री पक्क्या धरल्या आणि दोन रात्री राखीव ठेवल्या. एकीचे नाव होतू, दुसरीचे हिरो. गरज पडेल तशी रात्र घालायची आणि हिशेब चंद्राशी जुळता ठेवायचा. 

रात्र कधी घालायची हे कसे ठरवत असतील? चंद्र पृथ्वीपासून दूर असतो तेव्हा तो सावकाश सरकतो आणि त्याचे बिंब किंचित लहान दिसते. कोष्टकात दोन जागी, पौर्णिमेच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, अर्ध्या आकाराची चंद्रकोर वर कोरलेली आहे. जाक गी यांचा तर्क असा की ती सूचना आहे : इथे चंद्राचे बिंब निरखून पाहा, लहान दिसले तर एक रात्र वाढवा. हा तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. पण तो खरा असेल तर या ओळी म्हणजे रात्रींची नुसती यादी नव्हे. चंद्र कसा पाहावा आणि महिना कसा पुरा करावा, याचा तो नियम ठरतो. एकोणतीस की तीस, हा आपला प्रश्न तिथल्या कुणा जाणकाराने त्याच्या रीतीने सोडवला होता.

कोरे आणि कोरा

इथे एका मोहाविषयी सांगितले पाहिजे. पॉलिनेशियन भाषांत 'कोरे' या शब्दाचा अर्थ नसणे, रिकामे असणे. बिननावाच्या रात्रींना कोकोरे का म्हटले असेल, याचा अंदाज त्यातून येतो. आपल्याकडच्या बायाबापड्या जिल्काद महिन्याला 'खाली' म्हणत, कारण त्यात सण नाही. विचार तोच. पण मराठी वाचकाच्या मनात आणखी एक शब्द उभा राहतो : कोरा. कोरा कागद, कोरी पाटी. अर्थही जुळतो, उच्चारही जुळतो. मग मराठी आणि रापा नुई यांचे काही नाते आहे का?

काहीही नाही. हा निव्वळ योगायोग आहे. परंतु अशाच योगायोगाने मोठमोठे लोक फसले. मोहेंजोदडोची मुद्रालिपी नुकतीच जगासमोर आली होती, तेव्हा १९३२ मध्ये हेवेशी नावाच्या हंगेरियन अभ्यासकाने सिंधू लिपी आणि रोंगोरोंगो यांतील सारख्या दिसणाऱ्या चिन्हांच्या जोड्या मांडल्या. जगभर खळबळ उडाली. दोन्हींत हजारो वर्षांचे आणि हजारो मैलांचे अंतर आहे. माणूस, मासा, झाड यांची चित्रे कुठेही काढली तरी थोडीफार सारखी दिसणारच. मेत्रो यांनी या जोड्या खोडून काढल्या, तरी कल्पना कित्येक वर्षे फिरत राहिली. १९९० च्या दशकात स्टीव्हन फिशर यांनीही ही लिपी उलगडल्याचा दावा केला. इतर अभ्यासकांनी तो मान्य केला नाही.

मामारीच्या चंद्राच्या ओळींना मात्र जवळपास सर्वजण मान्यता देतात. याचे कारण एवढेच की तिथे पडताळा आहे. सहा आणि पाच हे आकडे फळीवर आहेत आणि माणसांच्या तोंडच्या यादीतही. शिवाय वर आकाश आहे. इजिप्तची लिपी उलगडली ती एकच मजकूर दोन भाषांत कोरलेल्या शिळेमुळे. इथे दुसरी भाषा चंद्राची आहे. मध्य अमेरिकेतील माया लिपीतही असेच घडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ड्रेस्डेनचे ग्रंथपाल फ्योर्स्टेमान यांनी तिच्यातले आकडे आणि तारखा उलगडल्या. शब्द वाचण्याची वाट युरी क्नोरोझोव यांनी दाखवली ती १९५२ मध्ये. पण माया भाषा बोलणारे लाखो लोक आणि शेकडो शिलालेख हाताशी होते. रोंगोरोंगोची चिन्हे सगळी मिळून पंधरा हजारांच्या आसपास.

ओळखणे आणि वाचणे

म्हणून फरक लक्षात ठेवला पाहिजे. या ओळी कशाविषयी आहेत हे आपल्याला कळले. त्या कशा उच्चारायच्या, त्यातला शब्द न् शब्द काय, हे कळलेले नाही. परक्या भाषेतले रमजानचे वेळापत्रक भिंतीवर लावलेले पाहिले तर ते वेळापत्रक आहे हे कुणीही ओळखेल. त्याने ती भाषा येते असे होत नाही.

अलीकडे, २०२४ मध्ये, रोममधल्या चार फळ्यांच्या लाकडाचे वय तपासल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन फळ्यांचे लाकूड एकोणिसाव्या शतकातले निघाले, एकीचे मात्र पंधराव्या शतकाच्या मध्यातले. म्हणजे युरोपीय जहाजे येण्याच्या कितीतरी आधीचे. लाकूड जुने म्हणजे कोरीव कामही तेवढेच जुने, असे लगेच म्हणता येत नाही. पण या लोकांनी लिहिण्याची कला बाहेरून पाहून नव्हे, स्वतःच घडवली असावी, या शक्यतेला त्यामुळे बळ मिळाले आहे. जगाच्या इतिहासात लिपी शून्यातून घडवणारे समाज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. त्यांत या चिमुकल्या बेटाचे नाव कदाचित घ्यावे लागेल. आणि त्यांची ती कमाई दोन वर्षांत जहाजात भरून नेली गेली.

आपल्या घरांतही माळ्यावर जुन्या पेट्या असतात. आजोबांच्या इनामाचे कागद, एखादा वतनाचा दाखला, जमिनीचा व्यवहार. मजकूर मराठी, लिपी मोडी, कुठे कुठे फारसी. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळेतून गेली आणि नातवंडांना ते कागद मुके झाले. मोडीची गत रोंगोरोंगोसारखी झालेली नाही, कारण ती वाचणारे अजून आहेत आणि शिकवणारेही आहेत. तोमेनिकाकडे जायला राउटलेजबाईंना दोन आठवड्यांचा उशीर झाला असता तर तेवढीही चिन्हे मिळाली नसती. आपल्या हातात अजून वेळ आहे.

पुढच्या चांदरातीला पश्चिमेकडे पाहताना ती मामारीची फळी आठवावी. ती कोरणाऱ्या माणसाचे नाव आपल्याला माहीत नाही, त्याचा एकही शब्द आपल्याला वाचता येत नाही. पण तो कुठल्या संध्याकाळी आकाशाकडे पाहत उभा होता आणि काय शोधत होता, हे मात्र आपल्याला नेमके ठाऊक आहे.